प्रकल्प व्यवस्थापनाच्या साधनांचा तुलनात्मक इतिहास : गँट तक्त्यापासून सामायिक फलकापर्यंत

गोषवारा :
कार्यालयांत गटाने करावयाच्या कामासाठी आज अनेक संगणकीय साधने उपलब्ध आहेत. त्यांची तुलना बहुधा किंमत, सुविधा आणि वापरातील सुलभता या निकषांवर केली जाते. प्रस्तुत शोधनिबंधात ही तुलना इतिहासाच्या अंगाने केली आहे. गँट तक्ता, पर्ट व सीपीएम, टोयोटातील कानबान पद्धती आणि २००० नंतरची महाजालावर आधारित सॉफ्टवेअरे यांच्या जडणघडणीचा विचार करता, प्रत्येक साधनात सत्तेची एक विशिष्ट रचना गृहीत धरलेली असते असे दिसून येते. माहिती कोण भरतो, ती कोण पाहतो आणि योजनेत बदल कोण करू शकतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय अशा साधनांची तुलना पूर्ण होत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रकल्प व्यवस्थापन, गँट तक्ता, पर्ट, कानबान, सहकार्य, देखरेख.

प्रस्तावना :
मोठी कामे माणसाने प्राचीन काळापासून केली आहेत. लेणी, धरणे, किल्ले आणि मंदिरे ही नियोजनाशिवाय उभी राहिलेली नाहीत. तथापि, कामाचे नियोजन हे काम करणाऱ्यापासून वेगळे काढून कागदावर मांडणे आणि त्या कागदाच्या आधारे इतरांच्या कामावर नियंत्रण ठेवणे, ही प्रामुख्याने औद्योगिक युगाची देणगी होय. आज संगणकाच्या पडद्यावर दिसणारे रंगीत तक्ते व कार्डे ही याच परंपरेची वारसदार आहेत.

आपल्याकडील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत पर्ट व सीपीएम या तंत्रांचा समावेश असतो. मात्र ती शिकवताना गणिती रीतीवर भर दिला जातो. ती तंत्रे कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या गरजेतून निर्माण झाली, हा भाग बहुधा मागे पडतो. ही उणीव लक्षात घेऊन प्रस्तुत विषयाची निवड केली आहे.

उद्दिष्टे :
१) प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमुख साधनांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या साधनांमागील गृहीतकांची तुलना करणे.
३) आजच्या सॉफ्टवेअरची निवड करताना उपयोगी पडतील असे निकष सुचवणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनसामग्रीचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१. कारखान्यातील तक्ता
फ्रेडरिक टेलर यांचा शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडणारा ग्रंथ १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. कामाचा विचार व्यवस्थापकाने करावा आणि कामगाराने आखून दिलेल्या रीतीने ते पार पाडावे, ही त्यामागील मध्यवर्ती भूमिका होती. टेलर यांचे सहकारी हेन्री गँट (१८६१-१९१९) यांनी या विचाराला दृश्य रूप दिले. १९०३ मध्ये त्यांनी अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे उत्पादनाचा दैनंदिन ताळेबंद आलेखाने दाखवण्याची पद्धती मांडली. नेमून दिलेले काम पूर्ण करून बक्षीस मिळवणाऱ्या कामगाराच्या नावापुढे काळी रेघ आणि ते न मिळवणाऱ्याच्या नावापुढे लाल रेघ, अशी नोंदही ते ठेवत. पुढे विकसित झालेल्या त्यांच्या तक्त्यात आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या बाजूस कामे मांडलेली असत. १९२२ मध्ये वॉलेस क्लार्क यांनी या तक्त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिल्यानंतर त्याचा प्रसार वेगाने झाला. अमेरिकी कारखानदार आणि सोव्हिएत नियोजनकार या दोहोंनीही तो स्वीकारला, ही बाब उल्लेखनीय आहे.

गँट यांच्या विचारातील एक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांनी बंद पडलेल्या यंत्रांचेही तक्ते काढले. यंत्र रिकामे का राहिले, कच्चा माल नव्हता, मागणी नव्हती की दुरुस्ती रखडली होती, याची नोंद त्यांत असे. ही कारणे बहुतांशी कामगाराच्या हाती नसून व्यवस्थापनाच्या हाती असतात, हे त्यांतून स्पष्ट होई. म्हणजेच, एकच तक्ता कामगाराकडेही बोट दाखवू शकतो आणि मालकाकडेही. तो कोणाची नोंद ठेवतो, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

येथे पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांचाही निर्देश करणे आवश्यक आहे. त्यांनी १८९६ मध्येच कामांचा परस्परसंबंध दाखवणारा ‘हार्मोनोग्राम’ तयार केला होता. परंतु त्यांचे लेखन पोलिश व रशियन भाषांत असल्याने इंग्रजी जगाला त्याची दखल फार उशिरा घेता आली. साधनाच्या प्रसिद्धीत त्याच्या गुणवत्तेइतकाच भाषेचाही वाटा असतो, हे यावरून दिसते.

२. जाळे आणि संगणक
गँट तक्त्यात कोणते काम केव्हा करावयाचे हे दिसे. परंतु एका कामाचा विलंब दुसऱ्या कोणत्या कामावर परिणाम करील, हे सहजी दिसत नसे. ही मर्यादा १९५० नंतरच्या अवाढव्य प्रकल्पांत तीव्रतेने जाणवली. ड्युपाँ या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतील जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास ‘क्रिटिकल पाथ मेथड’ अर्थात सीपीएम विकसित केली. कामांच्या जाळ्यातील सर्वांत दीर्घ साखळी शोधणे हे तिचे सूत्र होय. कारण त्या साखळीतील एकाही कामास उशीर झाल्यास संपूर्ण प्रकल्पास उशीर होतो.

याच सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये पर्ट हे तंत्र तयार झाले. काम नव्या स्वरूपाचे असल्याने प्रत्येक कामास किती काळ लागेल हे निश्चित सांगणे अशक्य होते. म्हणून आशावादी, संभाव्य व निराशावादी असे तीन अंदाज घेण्याची रीत पडली. संभाव्य अंदाजाला चौपट वजन देऊन तिन्हींची बेरीज केली जाते आणि तिला सहाने भागले जाते. उदाहरणार्थ, हे अंदाज अनुक्रमे ४, ६ व १४ आठवडे असतील, तर अपेक्षित काळ ७ आठवडे येतो. अनिश्चिततेला गणितात स्थान देणारा हा विचार निश्चितच महत्त्वाचा होता.

पोलारिस प्रकल्प यशस्वी झाला आणि त्याचे श्रेय पर्टला देण्यात आले. तथापि, हार्वे सॅपोल्स्की यांनी १९७२ च्या आपल्या अभ्यासग्रंथात या समजाला धक्का दिला. प्रत्यक्ष कामात पर्टचा उपयोग समजला जातो त्यापेक्षा बराच कमी होता. मात्र प्रकल्पावर आपले शास्त्रशुद्ध नियंत्रण आहे हे वरिष्ठांना पटवून देण्यासाठी आणि बाहेरचा हस्तक्षेप रोखण्यासाठी ते फार उपयुक्त ठरले, असे त्यांनी दाखवून दिले. साधन काम करण्यासाठी वापरले जाते, तसेच काम होत असल्याचे दाखवण्यासाठीही वापरले जाते, हा धडा आजही विसरता येणार नाही.

३. जपानी कारखान्यातील कार्डे
सहकार्याच्या आजच्या सॉफ्टवेअरचा दुसरा पूर्वज जपानमध्ये आढळतो. टोयोटा कंपनीतील ताइइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटच्या कल्पनेवरून कानबान पद्धती विकसित केली. ग्राहकाने फळीवरून वस्तू उचलल्यावरच ती जागा पुन्हा भरावी, त्याप्रमाणे पुढच्या विभागाने मागणीचे कार्ड पाठवल्यावरच मागच्या विभागाने उत्पादन करावे, असा हा नियम होय. येथे वरून आलेला तक्ता कामाला ढकलत नाही. पुढची गरज कामाला ओढून घेते. दोष आढळल्यास उत्पादनाची ओळ थांबवण्याचा अधिकारही कामगाराला देण्यात आला.

या पद्धतीचे गौरवीकरण करताना मात्र तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पत्रकार सातोशी कामाता यांनी टोयोटात हंगामी कामगार म्हणून काही महिने काम करून १९७३ मध्ये पुस्तक लिहिले. ओळीचा वाढता वेग आणि कामगारांची होणारी दमछाक यांचे चित्रण त्यात आहे. कामगाराच्या हाती ओळ थांबवण्याचा अधिकार असला, तरी ओळीचा वेग ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती नव्हता.

कानबानचा सॉफ्टवेअर क्षेत्रातील प्रवेश भारतीय वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. २००४-०५ मध्ये डेव्हिड अँडरसन यांच्या मार्गदर्शनाने मायक्रोसॉफ्टच्या ज्या गटात हा प्रयोग झाला, त्याचे प्रत्यक्ष काम हैदराबाद येथे चालत असे. या गटाच्या वेळेचा मोठा हिस्सा नव्या मागण्यांचे अंदाज तयार करण्यातच खर्ची पडत होता. हे अंदाज बंद करण्यात आले आणि एका वेळी हाती घ्यावयाच्या कामांवर मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे कामे लवकर हातावेगळी होऊ लागली. माणसे तीच होती. बदलली ती कामाची रचना.

४. पडद्यावरील साधने
वैयक्तिक संगणकाच्या आगमनाबरोबर गँट तक्ता व सीपीएम यांना सॉफ्टवेअरचे रूप मिळाले. प्रिमाव्हेरा कंपनी १९८३ मध्ये स्थापन झाली. २००८ मध्ये ती ओरॅकलने विकत घेतली. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये आली. या साधनांत योजना एका नियोजकाच्या संगणकावर असे आणि इतरांना तिची छापील प्रत मिळे. टेलर यांची विभागणी येथे जवळजवळ जशीच्या तशी टिकून राहिली.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञांनी ‘अजाइल’ जाहीरनामा तयार केला. ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे त्यांनी अधिक मोलाचे मानले. पुढील साधने या वातावरणात वाढली. सिडनीतील अ‍ॅटलासियन कंपनीचे जिरा (२००२) हे मुळात सॉफ्टवेअरमधील दोषांची नोंद ठेवणारे साधन होते. त्यामुळे प्रत्येक कामाला क्रमांक, जबाबदार व्यक्ती व अवस्था असते आणि झालेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपला जातो. शिकागोच्या ३७ सिग्नल्सचे बेसकॅम्प (२००४) याउलट संवादाभोवती उभारलेले होते. प्रकल्प तक्त्याअभावी नव्हे, तर संवादाअभावी फसतात, या धारणेतून त्यात गँट तक्त्याला स्थान दिले नव्हते. न्यूयॉर्कमधील फॉग क्रीकच्या ट्रेलोने (२०११) कानबान फलक सर्वसामान्यांच्या हाती दिला; तो २०१७ मध्ये अ‍ॅटलासियनने ४२.५ कोटी डॉलरला घेतला. फेसबुकमधील अंतर्गत साधनाच्या अनुभवातून आसना (२०१२) साकारले.

५. तुलना
वरील साधनांची तुलना करताना जोनाथन ग्रुडिन यांचे १९८८ मधील विवेचन मार्गदर्शक ठरते. सहकार्याची सॉफ्टवेअरे का अयशस्वी होतात, याचे एक प्रमुख कारण त्यांनी सांगितले : साधनासाठी राबतो एक आणि लाभ मिळतो दुसऱ्यालाच. संगणकीय दिनदर्शिकेमुळे सभा बोलावणाऱ्याची सोय होते. पण त्यासाठी आपली दिनदर्शिका अद्ययावत ठेवण्याचे श्रम सर्वांना करावे लागतात.

या कसोटीवर पाहता, प्रिमाव्हेरासारखी साधने परस्परावलंबी कामांसाठी, म्हणजे धरण, पूल वा कारखाना उभारणीसाठी योग्य ठरतात. परंतु त्यांतील योजना नियोजकाच्या ताब्यात राहते. जिरामध्ये माहिती भरण्याचा भार काम करणाऱ्यावर पडतो आणि अहवालाचा लाभ मुख्यतः वरिष्ठांना होतो. ट्रेलोचा फलक सर्वांना सारखाच दिसतो व कोणालाही कार्ड हलवता येते. मात्र गुंतागुंतीचे परस्परावलंबन त्यात मावत नाही. बेसकॅम्प चर्चेला वाव देते, पण काटेकोर वेळापत्रक देत नाही.

सर्वांना दिसणारा फलक लोकशाहीचा असतोच असेही नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’ या सुविधेत व्यक्तीच्या नावानिशी वापराची आकडेवारी व्यवस्थापकांना दिसत होती. तीव्र टीकेनंतर त्याच वर्षी त्यातून व्यक्तींची नावे काढून टाकण्यात आली. गँट यांच्या लाल व काळ्या रेघा शंभराहून अधिक वर्षांनी पडद्यावर परतल्या होत्या, असेच म्हणावे लागेल. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित प्रयोजनांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची तरतूद आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशातील राहत नाही.

उच्च शिक्षण संस्थांनाही हे विवेचन लागू पडते. मूल्यांकनाच्या निमित्ताने एकच माहिती निरनिराळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा भरणाऱ्या प्राध्यापकाला ग्रुडिन यांचा सिद्धांत वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. नवे सॉफ्टवेअर आणल्याने ही स्थिती आपोआप सुधारत नाही. भरलेल्या माहितीचा उपयोग ती भरणाऱ्याला स्वतःच्या कामात होणार नसेल, तर नोंदी नाइलाजाने होतात आणि त्यांची विश्वसनीयता घटते.

निष्कर्ष :
१) प्रकल्प व्यवस्थापनाचे कोणतेही साधन तटस्थ नसते, ज्या परिस्थितीत ते जन्मले तिची छाप त्यावर राहते.
२) साधनाची कीर्ती आणि त्याचा प्रत्यक्ष उपयोग यांत अंतर असू शकते, हे पर्टच्या इतिहासावरून स्पष्ट होते.
३) योजना सर्वांना दिसणे आणि योजनेत सर्वांना अधिकार असणे या दोन भिन्न बाबी आहेत. पहिलीलाच सहकार्य समजल्यास त्याची परिणती देखरेखीत होते.
४) साधनाची निवड करताना कामाचे स्वरूप, माहिती भरण्याचे श्रम, तिचा लाभार्थी आणि बदलाचा अधिकार हे निकष किंमत व सुविधांच्या आधी तपासले पाहिजेत.

गँट यांनी बंद यंत्राचा तक्ता काढून व्यवस्थापनालाही उत्तरदायी ठरवले होते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्मचाऱ्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते. परंतु वरिष्ठांच्या मंजुरीअभावी काम किती दिवस अडून राहिले, याची नोंद तितक्याच ठळकपणे होते का, हे प्रत्येक संस्थेने तपासून पाहणे आवश्यक आहे.