गरिबांची शाळा मध्यमवर्गाची कशी झाली?

#धागा
१/ इंग्लंडमध्ये जिला ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, ती प्रत्यक्षात भरमसाट फी आकारणारी खाजगी शाळा असते. या चमत्कारिक नावामागे एका दानाची दिशा पालटल्याचा इतिहास आहे.

२/ विंचेस्टरची स्थापना १३८२ ची, ईटनची १४४० ची. राजा सहाव्या हेन्रीने ईटनमध्ये ७० गरीब विद्यार्थ्यांच्या मोफत शिक्षणाची तरतूद केली. फी भरणारी मुले गावात बिऱ्हाड करून राहत, म्हणून ती ‘ऑपिडन’, म्हणजे नगरवासी. कालांतराने शाळा त्यांचीच झाली.

३/ हॅरोची कथा अधिक बोलकी. जॉन लायन या सधन शेतकऱ्याने १५७२ मध्ये सनद मिळवली ती गावातील मुलांसाठी. मात्र परगावच्या मुलांना फी घेऊन प्रवेश देण्याची मुभा नियमावलीतच होती. दार किलकिले राहिले ते तिथे. अठराव्या शतकात उमरावांची मुले आली आणि गावकऱ्यांची मागे पडली.

४/ १८०९ मध्ये ग्रामस्थांनी चॅन्सरी न्यायालयात दाद मागितली. १८१० मध्ये सर विल्यम ग्रँट यांनी निकाल शाळेच्या बाजूने दिला. पुढे १८५३ मध्ये हेडमास्तर व्हॉन यांनी स्थानिक दुकानदारांच्या मुलांसाठी ‘इंग्लिश फॉर्म’ हा स्वतंत्र वर्ग काढला, आणि १८७६ मध्ये ‘लोअर स्कूल ऑफ जॉन लायन’ ही निराळी शाळाच उभी राहिली. मूळ हक्कदारांना देणगीदाराचे नाव तेवढे मिळाले! (आपले पंडित नेहरू १९०५ मध्ये दाखल झाले ते अर्थातच थोरल्या हॅरोत.)

५/ यात मध्यमवर्गीय पालक कुठे? डॉक्टर, पाद्री, लष्करी अधिकारी यांच्यापाशी मुलाला द्यायला जमीनजुमला नव्हता. शिक्षण हाच त्यांचा वारसा. त्यांच्यासाठी चेल्टनहॅम (१८४१), मार्लबरो (१८४३) अशा नव्या शाळा निघाल्या.

६/ १८५५ पासून हिंदुस्थानातील सनदी नोकरी स्पर्धापरीक्षेने मिळू लागली. गुणांची वाटणी पाहा: ग्रीक ७५०, लॅटिन ७५०, संस्कृत ३७५, अरबी ३७५. ज्या देशावर राज्य करायचे, त्याच्या अभिजात भाषेला निम्मे मोल. मुंबई इलाख्याचे भावी कलेक्टर याच चाळणीतून येत, आणि ग्रीक-लॅटिनची घोकंपट्टी लहानपणापासून करून घेणाऱ्या शाळा कोणत्या, हे पालक पुरते ओळखून होते.

७/ निर्णायक घाव मात्र सुधारणेच्या नावाने बसला. टॉन्टन आयोगाने (१८६४-६८) देणगीवर चालणाऱ्या शेकडो जुन्या शाळांची तपासणी केली. कित्येकांची अवस्था खरोखर दयनीय होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण १८६९ च्या कायद्यानंतर अनेक ठिकाणी स्थानिक गरिबांचा मोफत प्रवेशाचा हक्क गेला व त्याजागी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती आली. ती परीक्षा उत्तीर्ण होण्याची तयारी बहुधा पैसे मोजूनच होत असे. माझ्या मते ‘गुणवत्ता’ हा शब्द इथे वर्गीय कुंपणासारखा वापरला गेला. त्याच कायद्याने मुलींच्या शाळांना देणग्यांचा वाटा मिळवून दिला, ही त्याची उजळ बाजू.

८/ १९४४ मध्ये फ्लेमिंग समितीने एक चतुर्थांश जागा सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना द्याव्यात, असे सुचवले. फारसे काही घडले नाही. आज इंग्लंडमधील सुमारे ७ टक्के मुले खाजगी शाळांत शिकतात.

९/ जानेवारी २०२५ पासून या शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागू झाला. ईटन, हॅरो, विंचेस्टर यांची कायदेशीर नोंद मात्र अजूनही धर्मादाय संस्था म्हणूनच आहे.