राक्षसपेशीचं बारसं

खोपोलीच्या जुन्या माणसाला ‘टाटा’ म्हटलं की पॉवरहाऊस आठवतं. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटाखाली उतरवून 1915 साली इथे वीज निघाली. कर्जतकडचं भिवपुरीचं पॉवरहाऊस 1922 चं. पण याच दोन तालुक्यांत ‘टाटाला नेलंय’ म्हणताना माणूस आवाज खाली आणतो. ते टाटा परळचं, 1941 साली उघडलेलं कॅन्सरचं रुग्णालय. जबड्यावर सूज दिसली की घरात पहिला शब्द तोच. तंबाखू-मशेरीच्या मुलखात ही भीती उगाच म्हणवत नाही.

तरी जबड्याची प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. एक गाठ बहुधा तिशीच्या आतल्यांना होते, मुलींना जास्त, आणि वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात. दुखत नाही, गाल फुगतो, दात हलतात, कधी एक्स-रे काढल्यावरच हाडात पोकळी दिसते. बायॉप्सीचा कागद येतो: ‘जायंट सेल ग्रॅन्युलोमा’, राक्षसपेशींची गाठ. हे नाव पडायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला आणि तोवर ही गाठ भलत्याच कुळात वाढली.

1818 साली लंडनच्या ॲस्टली कूपरने हाडातल्या अशा मांसल गाठींचं वर्णन केलं. 1853 मध्ये जेम्स पॅजेटने त्यांना मज्जेवरून ‘मायलॉइड’ म्हटलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीत दहा-वीस केंद्रकं दिसत होती. या पेशी म्हणजे हाड खाणाऱ्या नेहमीच्या पेशींची भावंडं. त्यांच्या आकाराला लोक इतके दचकले, की गाठीची रवानगी थेट ‘सार्कोमा’त, म्हणजे कॅन्सरात झाली. सार्कोमा म्हटला की अवयव काढायचा, मग तो पाय असो वा जबडा. नावाने चाकू किती खोल जायचा ते ठरवलं! 1912 च्या सुमारास बाल्टिमोरच्या ब्लडगुडने या गाठींना ‘सौम्य’ म्हणायचा आग्रह धरला: कापू नका, खरवडा.

जबड्याचं वेगळं घर मांडलं ते न्यूयॉर्कच्या हेन्री जॅफेने, 1953 साली. मांडी-गुडघ्याच्या हाडातली जायंट सेल गाठ वेगळी आणि जबड्यातली वेगळी, असं त्याने सांगितलं. जबड्यातली म्हणजे हाडात झालेल्या रक्तस्रावाची दुरुस्ती, म्हणून नाव ‘रिपॅरेटिव्ह’, दुरुस्ती करणारी. हा शब्द मला लबाड वाटतो. जी गाठ दातांची मुळं झिजवते ती कसली दुरुस्ती? पुढे ते विशेषण गळलंच. 1986 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी शांत आणि आक्रमक अशी विभागणी केली, आणि 2018 मध्ये या पेशींतले जनुकीय बदल सापडले, तेही मांडीच्या हाडातल्या गाठीपेक्षा निराळे. जॅफेचं विशेषण चुकलं, पण घर वेगळं मांडलं ते बरोबर होतं.

खरी गंमत मात्र मानेत आहे. 1850 च्या सुमारास रिचर्ड ओवेनने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या गेंड्याची चिरफाड केली; गेंडा आपल्याकडचा, एकशिंगी. थायरॉइडला चिकटलेली एक चिमुकली पिवळट ग्रंथी त्याने टिपून ठेवली. माणसातली तीच ग्रंथी स्वीडनच्या सँडस्ट्रॉमने 1880 मध्ये मांडली: पॅराथायरॉइड. ती बिघडून वाढली की हाडातलं कॅल्शियम रक्तात ओतते आणि हाडात जायंट सेलच्याच गाठी उठतात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समज उलटी होती: हाडं कमकुवत झाली म्हणून ग्रंथी मदतीला वाढते. त्यामुळे 1925 साली व्हिएन्नाच्या फेलिक्स मँडलने हाडं ठिसूळ झालेल्या एका ट्रामवाल्याला आधी आणखी पॅराथायरॉइड बसवली! फरक पडेना, तेव्हा मान उघडून वाढलेली ग्रंथी काढली. हाडं भरू लागली. दुखणं काही वर्षांनी परतलं आणि माणूस गेला, पण कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे त्याच्या मानेने शिकवलं.

म्हणून आजही काच पाहून निकाल लागत नाही. जबड्याची ग्रॅन्युलोमा, पॅराथायरॉइडमुळे हाडात उठणारी गाठ आणि लहान मुलांचे दोन्ही गाल फुगवणारा चेरुबिझम, तिघांचे नमुने भिंगाखाली जवळजवळ सारखे. तिसरा जोन्सने 1933 मध्ये नोंदला. तो बहुतेकदा वयात आल्यावर आपोआप ओसरतो, त्याला घाईने चाकू लावू नये. दुसऱ्याचा इलाज मानेत. पहिल्याला खरवडणं. शांत गाठ बहुधा त्यावर भागते. आक्रमक बऱ्याचदा परत येते, मग जास्त हाड काढावं लागतं. त्याआधी किंवा जोडीला गाठीत आठवड्याला एक असे सहाएक स्टेरॉइडची इंजेक्शनं, नाहीतर महिनोन्‌महिने कॅल्सिटोनिन. डेनोसुमॅब हे नवं औषध हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं, पण वाढत्या वयाच्या मुलांत थांबवल्यावर कॅल्शियम उसळतं, तेव्हा ते तज्ज्ञाच्याच हाती. हिरडीवरची जांभळट गाठ ही या कुळाची बाहेरची शाखा. ती मुळासकट काढून दातांवरचं कीटण साफ केलं की बहुतेकदा काम होतं.

दाखवायला जायचं तर कर्जत-खोपोलीची लोकल सीएसएमटीला थांबते. सरकारी दंत महाविद्यालय तिथून चालत जाण्याजोगं, सेंट जॉर्जच्या आवारातच. जाताना जुना एक्स-रे आणि बायॉप्सीचा कागद सोबत ठेवा. त्यावर ‘जायंट सेल’ असेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एवढं विचारा: रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथॉर्मोन तपासलं का?