तालमीमागची चूल

गौलीगुडा हे नावच गवळ्यांचे. पुढचा 'गुडा' तेलुगू, म्हणजे वस्ती. हैदराबादच्या या भागात मराठी माणूस नवखा नाही. निजामी राज्यात तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचे जिल्हे एका छत्राखाली होते. नांदेड-परभणीकडचा विद्यार्थी, कारकून, वकील राजधानीत येई आणि मुसीच्या उत्तरेला सुलतान बाजार, गौलीगुडा या भागांत बिऱ्हाड करी. विवेकवर्धिनीसारखी शाळा आणि इसामिया बाजारातले मराठी ग्रंथसंग्रहालय याच परिसरात उभे राहिले.

त्या काळी तालीम ही केवळ शरीर कमावण्याची जागा नव्हती. १९२९ च्या 'गश्ती निशान ५३' ने सभांवर बंधने आली. खाजगी शाळा आणि आखाडे यांवरही सरकारची नजर होती. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात आखाड्यांवरील निर्बंध ही एक प्रमुख तक्रार होती. जोर-बैठका काढणारा तरुण सरकारला खटकत होता, तो यामुळे. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण घाम गाळून घरी आलेल्या त्या पोरांना जेवू कोण घालत होते, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. गवळ्यांच्या वस्तीतही तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कारकुनाला रोज परवडणारा नव्हे. मराठवाड्याच्या कोरडवाहू घरांकडे याला एक जुने उत्तर होते : हुलग्याचे शेंगोळे.

हुलगा हलक्या जमिनीत, थोड्या पावसावर येतो. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ, ठेचलेला लसूण, तिखट, जिरे, ओवा, हळद, मीठ घालून पीठ घट्ट मळायचे. तेलाचा हात लावून बोटाएवढ्या वळ्या करायच्या आणि टोके जुळवून कडी करायची. लसणाच्या खमंग फोडणीत पाणी ओतून खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळा सोडायचा. पाणी उकळते नसेल तर शेंगोळे विरघळून पिठले होते. शेवटी चमचाभर पीठ पाण्यात कालवून घातले की रस दाटतो. मंद आचेवर वीसेक मिनिटांत पोटभरीचे जेवण तयार होते. वरून कच्चे तेल किंवा असेल तर तूप. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ रस भरून काढतो, भूक शेंगोळे भागवतात.

आणि इथेच शेजार भेटतो. हुलग्याला तेलुगूत 'उलवलु' म्हणतात, कन्नडात 'हुरळी'. बैलांसाठी उलवलु शिजवले की उरलेल्या पाण्याचे आंध्र-तेलंगणच्या घरांत 'उलवचारु' होई. आपण पिठाचे शेंगोळे केले, त्यांनी पाण्याचे सार केले. धान्य एकच आणि जनावराच्या दाणीतून माणसाच्या ताटात येण्याची वाटही एकच. आज तेच उलवचारु मोठ्या हॉटेलांत साय घालून वाढतात. आपल्या पोरांना मात्र शेंगोळे हा शब्दही परका होऊ लागला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांत झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. मराठवाड्याचा प्रवासी ज्या गौलीगुडा बसस्थानकावर उतरे, ती विमानाच्या हँगरची जुनी शेड जुलै २०१८ मध्ये कोसळली. इमारतींचे असे होते. त्यांच्या निदान तारखा तरी राहतात. शेंगोळ्यांची तारीख कोणत्याही दप्तरात नाही; ते आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे हाताने आले. म्हणून घरात कोणी वडीलधारी बाई असेल, तर पाणी किती आणि पीठ किती घट्ट, हे तिच्या शेजारी उभे राहून या थंडीतच शिकून घ्यावे. धान्याची अडचण नाही. दुकानात 'उलवलु' म्हणून मागितले की हुलगेच मिळतात.