छतावरचा साक्षीदार

व्हीआर रिंगणांच्या धंद्यात सध्या एक मत जवळजवळ सिद्धान्त होऊन बसले आहे: छताला कॅमेरे टांगून खेळाडूंचा माग काढण्याचे दिवस संपले, आता डोक्यावरच्या हेडसेटमध्येच कॅमेरे आहेत, मग बाहेरच्यांचे काम काय? हे मत अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे मतच खोडायला अवघड असते.

आधी पूर्वपक्षाचे बळ मान्य करू. २०१५ साली मेलबर्नमध्ये ‘झीरो लेटन्सी’ने सुमारे ४०० चौरस मीटरचे रिंगण उघडले, तेव्हा सहा खेळाडूंचा माग ठेवायला १२९ प्लेस्टेशन आय कॅमेरे लावावे लागले होते; शिवाय प्रत्येकाच्या पाठीवर संगणकाचे ओझे. २०१९च्या ऑक्युलस क्वेस्टने हेडसेटच्याच चार कॅमेऱ्यांवर काम भागवले. पुढे खुद्द झीरो लेटन्सीनेही छत सोडून स्वयंपूर्ण हेडसेटची वाट धरली. बाहेरचे कॅमेरे महाग, त्यांची मापजुळणी किचकट. दोन खेळाडू एकमेकांना खेटले की अंगावरचे मार्कर झाकले जातात. हे सारे कबूल.

पण या युक्तिवादात दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. ‘मी कुठे आहे?’ हा एक, आणि ‘तू माझ्यापासून किती अंतरावर आहेस?’ हा दुसरा. घरात एकट्याने खेळताना पहिलाच पुरतो. रिंगणात जीव दुसऱ्यावर अवलंबून असतो. आंधळ्या कोशिंबिरीत एकाच गड्याच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणून खेळ निभावतो. इथे पट्टी सगळ्यांच्याच डोळ्यांवर. मित्र जिथे दिसतो तिथे तो खरोखर असला पाहिजे, नाहीतर कपाळमोक्ष ठरलेला.

हेडसेटचे कॅमेरे भोवतालच्या ठळक खुणा टिपून स्वतःपुरता नकाशा रचतात आणि त्यात आपली जागा ठरवतात. प्रत्येकाची चूक वेगळी, वेगळ्या दिशेची. समजा, एकाचा नकाशा फक्त १ अंशाने फिरला. केंद्रापासून २० मीटरवर ती चूक ३५ सेंटिमीटर होते, म्हणजे जवळजवळ खांद्याची रुंदी. त्यात या पद्धतीचे गृहीतक असे की जग स्थिर आहे; रिंगणात तर कॅमेऱ्यासमोरून माणसेच धावत असतात. छतावरच्या कॅमेऱ्यांचीही चूक होते, पण तिचा स्वभाव निराळा. मापजुळणीत अख्खी चौकट सरकली तर सगळे खेळाडू एकत्र सरकतात. त्यांच्यामधले अंतर कायम राहते. सामायिक चूक सोसवते, खाजगी चूक आपटवते.

यावर उत्तर येईल: सर्व हेडसेटना एकच नकाशा द्या, झाले! उपाय खरा आहे, पण तो पूर्वपक्षाचा नव्हे, आमचा आहे. तो नकाशा आधी कोणीतरी फिरून तयार करायचा आणि सर्वांत वाटायचा. कोरी पांढरी भिंत कॅमेऱ्याला काहीच सांगत नाही, तेव्हा भिंतींवर, जमिनीवर खुणा राखायच्या. छताचा साक्षीदार हाकलला आणि भिंतीला साक्षीला उभे केले, एवढाच फरक. पाठीमागे गेलेला हात किंवा एकाने दुसऱ्याकडे फेकलेली बंदूक भिंतीला दिसत नाही, ती गोष्ट वेगळीच.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. ज्ञानाचे प्रामाण्य ज्ञानातच असते, असे मीमांसक म्हणत. ते बाहेरून पडताळावे लागते, असे नैयायिक म्हणत. लांबून पाणी दिसले. गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ज्ञान खरे. यालाच ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणत. हेडसेट हा पक्का मीमांसक: मला दिसले, म्हणून खरे. पण रिंगणात नैयायिकाचीही पंचाईत होते, कारण इथे कृती करून पडताळणे म्हणजे प्रत्यक्ष धडकणे. म्हणून पाऊल पडण्याआधीच तिऱ्हाईताने साक्ष द्यायला हवी.

याचा अर्थ १२९ कॅमेऱ्यांकडे परत जा, असा नाही. मान वळताच चित्र वळावे, यासाठी हेडसेटमधल्या संवेदकांना तोड नाही; ते काम त्यांच्याकडेच राहू द्या. बाहेरच्या मोजक्या कॅमेऱ्यांनी अधूनमधून सर्वांचे नकाशे एकाच चौकटीत ओढून बसवावेत. आणि ‘आम्हाला बाहेरचे काही लागत नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याची परीक्षा साध्या मोजपट्टीने घ्यावी. अर्धा तास सहा जणांना खेळू द्यावे. मग दोन हेडसेट रिंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात बरोबर १ मीटर अंतरावर ठेवावेत आणि दोन्हींना एकमेकांचे अंतर विचारावे. उत्तरे जुळली आणि पट्टीशीही जुळली, तर आमचा पक्ष आम्ही मागे घेऊ.