ट्रेक किंवा सायकल सफरीत वादळ, वीज आणि पुरात सापडलात तर काय कराल?

पावसाळा सुरू झाला की बालाघाटाचे डोंगर हिरवे होतात. अहमदपूर, चाकूर, उदगीर भागातील तरुण सायकली काढतात. कोणी हत्तीबेटावर जाते, कोणी वडवळ नागनाथच्या संजीवनी बेटावर वनस्पती पाहायला जाते. चालणे आणि सायकल चालवणे हृदयासाठी, रक्तातील साखरेसाठी आणि मनासाठी चांगलेच आहे, त्यामुळे घरी बसा असे आम्ही सांगणार नाही. मात्र आपल्या भागातील पावसाचा स्वभाव माहीत असायला हवा. सकाळी कडक ऊन, दुपारी चारला काळेभोर आभाळ आणि तासाभरात ओढ्याला पूर, हे इथे दर वर्षी घडते.

अशा वेळी जीवाला धोका मुख्यतः तीन गोष्टींपासून असतो: वीज, वाहते पाणी आणि भिजलेल्या शरीराचे घसरणारे तापमान. या तिन्हींत काय करावे आणि काय टाळावे, ते या लेखात समजून घेऊ.

आपल्या भागात धोका का वाढतो?

मराठवाड्यात विजांचा जोर दोन काळांत जास्त असतो. एक, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचा वळवाचा पाऊस. दोन, सप्टेंबर-ऑक्टोबरमधील परतीचा पाऊस. या काळात ढग बहुधा दुपारनंतर भरून येतात. माळरानावर झाडे कमी असल्याने मोकळ्यावर उभा असलेला माणूस हीच तिथली सर्वांत उंच वस्तू ठरते.

पुराचे कारण जमिनीत आहे. काळी माती एकदा पाण्याने फुगली की नवे पाणी जिरण्याचा वेग अगदी कमी होतो. उतारावरचे पाणी थेट ओढ्यात येते आणि ओढे मन्याड, लेंडी, तिरू यांसारख्या नद्यांना मिळतात. म्हणून तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही वरच्या गावांतील पावसाने तुमच्या पुढ्यातील ओढा फुगू शकतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हेच दिसले. १७ आणि १८ ऑगस्टच्या दरम्यान तिथे २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे वर्षभराच्या सरासरीचा जवळपास चौथा भाग. लातूर-उदगीरकडून आणि कर्नाटकातूनही पाणी लेंडीत उतरले. रावणगाव, हसनाळसारख्या गावांना रात्रीतून पाण्याने वेढले. माणसे दगावली आणि बचावासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. घरात असलेल्या माणसांना जिथे बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तिथे ओढ्याकाठी तंबू लावून बसलेल्यांना तो मिळेल असे समजू नका.

निघण्यापूर्वी

- हवामान विभागाचा जिल्ह्याचा इशारा पाहा. पिवळा म्हणजे सावध राहा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने खबरदारी घ्या. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर सफर पुढे ढकला.
- पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप मोबाईलवर ठेवा. आसपास वीज पडण्याची शक्यता ते कळवते.
- पहाटे निघा आणि दुपारी दोनच्या आत परत या.
- कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून जा.
- वाटेत किती नळकांडी पूल आणि फरश्या लागतात ते मोजून ठेवा. परतताना तेच अडतात.
- सोबत घ्या: प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे, रेनकोट, मोठा प्लॅस्टिकचा कागद, विजेरी, शिट्टी, दोरी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, पाणी आणि नेहमीची औषधे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेत असाल तर गोड खाणे जास्तीचे ठेवा. अडकून पडल्यावर जेवण चुकते आणि साखर एकदम खाली येते. हृदयविकार, दमा किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांनी एकट्याने जाऊ नये.

ढग गडगडू लागले तर

गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर अंतर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर आसरा घ्या. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर ३० मिनिटे बाहेर पडू नका. पाऊस थांबला म्हणून लगेच निघणाऱ्यांनाही वीज गाठते.

सुरक्षित जागा दोनच: पक्के, बंद घर किंवा शाळेसारखी इमारत आणि काचा लावलेली, पत्र्याच्या छताची मोटार. लिंबाचे किंवा आंब्याचे एकटे झाड, शेतातली खोपी, बसथांब्याची शेड, डोंगरावरच्या देवळाचा उघडा मंडप या जागा पावसापासून वाचवतात, विजेपासून नाही. झाडावर पडलेली वीज शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांजवळच्या जमिनीतूनही पसरते. विजेच्या बहुतांश इजा अशा जमिनीतून आलेल्या प्रवाहाने होतात, थेट अंगावर पडून नव्हे.

सायकलचे रबरी टायर तुम्हाला वाचवत नाहीत. सायकल आडवी ठेवा आणि तिच्यापासून दूर व्हा. माथ्यावरून आणि कड्यावरून खाली उतरा. पाणी, तारेचे कुंपण आणि विजेचे खांब टाळा. गटात असाल तर एकमेकांपासून १५ ते २० मीटर अंतर ठेवा, म्हणजे एकाला इजा झाली तरी बाकीचे मदत करू शकतील.

आसरा मिळणारच नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, डोके खाली घाला आणि कान झाका. आडवे झोपू नका. या बसण्याने धोका फक्त थोडा कमी होतो, त्यामुळे संधी मिळताच पक्क्या आसऱ्याकडे जा.

वीज पडलेल्या व्यक्तीवर प्रथमोपचार

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करू. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. या भीतीने मदत थांबते आणि वाचू शकणारा माणूस जातो.

विजेच्या धक्क्याने हृदय क्षणभर थांबते. अनेकदा ते स्वतःहून पुन्हा सुरू होते, पण मेंदूतील श्वसनाचे केंद्र बधिर राहते. श्वास न मिळाल्याने हृदय दुसऱ्यांदा थांबते. म्हणून तोंडाने दिलेला श्वास इथे जीव वाचवू शकतो.

१. स्वतःची सुरक्षा पाहा. वीज अजून चमकत असेल तर शक्य तितक्या लवकर रुग्णाला आसऱ्याला न्या.
२. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद आणि नीट श्वास नसेल तर १०८ वर फोन करायला सांगा.
३. छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा दाबा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने.
४. नाक दाबून तोंडाने दोन श्वास द्या. ३० दाब आणि दोन श्वास असे चालू ठेवा. दमलात की दुसऱ्याने घ्यावे.
५. अनेकजण पडले असतील तर जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी जा. जे कण्हत आहेत त्यांचा श्वास चालू आहे.

काही वेळा हातपाय थंड, निळसर आणि लुळे पडतात. हा लकवा बहुधा काही तासांत उतरतो. कानाचा पडदा फाटणे आणि काही महिन्यांनी मोतीबिंदू होणे हेही घडू शकते. त्यामुळे रुग्ण चालता-बोलता असला तरी रुग्णालयात ईसीजी आणि तपासणी हवीच. काही भागांत अशा रुग्णाला शेणात किंवा मातीत पुरतात. त्याने काही फायदा होत नाही आणि छाती दाबण्याची मोलाची मिनिटे वाया जातात.

ओढ्याला पाणी आले असेल तर

बहुतेक बुडण्याच्या घटना एका निर्णयातून घडतात. पुलापलीकडे घर दिसत असते, अंधार पडत असतो, कोणीतरी नुकताच पार गेलेला असतो आणि मागचा म्हणतो, “एवढंच तर पाणी आहे.” तिथेच थांबा.

घोट्याच्या वर, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर वेगवान पाणी मोठ्या माणसाचा तोल घालवू शकते. ३० सेंटिमीटर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि ६० सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. गढूळ पाण्याखाली पुलाची फरशी उरली आहे की वाहून गेली, हे वरून कळत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण बुडाले. पाणी वाढत असताना ते एकमेकांना धरून मधोमध उभे होते. एकमेकांना धरल्याने पाण्याचा जोर कमी होत नाही.

पाणी वाढण्याची चिन्हे: स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, काटक्या आणि पाचोळा वाहत येणे, वरून घरघर ऐकू येणे. यातले एकही दिसले की सामान गोळा करत बसू नका. काठाने पळू नका, थेट उंचावर चढा.

पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा. लहान ओढ्याचे पाणी पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत उतरते. अलीकडच्या गावात, शाळेत किंवा कोणाच्या ओसरीवर रात्र काढावी लागली तरी चालेल. घरी फोन करून “आज येत नाही” एवढे सांगा. आणि घरच्यांनीही “कसंही करून ये” असे म्हणू नये.

वाहून जाऊ लागलात तर पाठीवरची पिशवी आणि सायकल सोडा. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवा. जोराच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नका, कारण दगडात पाय अडकला की पाणी तुम्हाला खाली दाबते. तिरके हात मारत काठाकडे सरका.

दुसरा वाहत असेल तर उडी मारू नका. काठावरून दोरी, साडी, उपरणे, लांब काठी किंवा रिकामा बंद कॅन फेका. दोरी स्वतःच्या कमरेला बांधू नका.

बुडालेल्या व्यक्तीवर प्रथमोपचार

बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर आधी तोंडाने दोन श्वास द्या आणि मग ३० वेळा छाती दाबा. उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे टाळा. त्याने पोटातले अन्न फुप्फुसात जाते. शुद्धीवर आला तरी खोकला, धाप किंवा झोपाळूपणा असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. फुप्फुसातील त्रास काही तासांनी वाढू शकतो.

भिजून गारठलेला माणूस

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?” असे वाटेल. पण ओले कपडे, वारा आणि रिकामे पोट एकत्र आले की २० अंशांतही शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली जाऊ शकते. लहान मुले, वृद्ध आणि दारू प्यालेले लवकर गारठतात.

आधी हुडहुडी भरते. मग हात बधिर होतात, सायकलचा ब्रेक दाबता येत नाही, बोलणे जड होते, चाल अडखळते. हुडहुडी थांबली पण माणूस गोंधळलेला आहे, तर त्याला आराम पडला असे समजू नका. ती गंभीर अवस्था आहे.

- वाऱ्यापासून आडोसा करा आणि ओले कपडे काढा.
- कोरडे कपडे घाला, डोके झाका, अंगाखाली काहीतरी अंथरा आणि प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा.
- पूर्ण शुद्धीत असेल तर कोमट गोड चहा द्या. दारू देऊ नका.
- हातपाय चोळू नका आणि शेकोटीला अगदी जवळ बसवू नका.

परत आल्यावर

पुराच्या पाण्यात जनावरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जखमा साबणाने धुवा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. गरज असेल तर ते प्रतिबंधक औषध देतील. पुढील महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, डोळे लाल होणे किंवा कावीळ दिसली तर पुराच्या पाण्यात गेल्याचे आवर्जून सांगा. नुसत्या तापाच्या गोळ्या खाऊन थांबू नका.

पुरात साप उंच जागेवर येतात. दंश झाला तर पट्टी आवळून बांधू नका, कापू नका. हात किंवा पाय स्थिर ठेवून थेट रुग्णालय गाठा.

कुठे फोन कराल?

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि तातडीच्या मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. जवळच्या सरकारी रुग्णालयात प्राथमिक उपचार मिळतात. गंभीर रुग्णाला पुढे लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवता येते. पण तिथवर पोहोचेपर्यंतची पहिली दहा मिनिटे सोबत्यांच्या हातात असतात. म्हणून गटातील किमान दोघांनी छाती दाबून श्वास देण्याचे प्रशिक्षण घेऊन ठेवावे.

थोडक्यात लक्षात ठेवा: गडगडाट ऐकला की पक्क्या घरात जा. पुलावरून पाणी वाहत असेल तर अलीकडे थांबा. भिजलात की कपडे बदला. निपचित पडलेल्याला हात लावायला घाबरू नका.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबाबत आणि औषधांबाबत तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)