निसर्ग वादळ आणि झाडांची मोजणी

आपलं तिसगाव समुद्रापासून फार लांब. आपल्याकडे वादळ म्हणजे वळवाचा पाऊस, गारपीट आणि उडालेले पत्रे. तरी आज आम्ही कोकणातल्या एका वादळाबद्दल बोलणार आहोत. त्यानंतर भरपाईवरून जे घडलं, ते आपल्याही उपयोगाचं आहे.

३ जून २०२० ची दुपार. करोनामुळे सगळे घरात होते. अलिबागच्या दक्षिणेला ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळा आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली, मंडणगड या भागाला मोठा तडाखा बसला. कौलं फुटली, पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले. गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंपही बंद.

घर पुन्हा शाकारता येतं, वाडीचं तसं नसतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. सुपारीचं झाड लावल्यावर फळ यायला सहा-सात वर्षं लागतात, नारळालाही जवळपास तितकीच. सुपारी वेचणं, वाळवणं, सोलणं यात बायकांचे हात असतात. झाडं पडली तेव्हा त्यांचं घरबसल्या मिळणारं कामही गेलं.

मग भरपाईचा प्रश्न आला. फळबागेला आधी हेक्टरी १८ हजार रुपये मिळत. सरकारने ते ५० हजार केले. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. साधारण १०० गुंठ्यांचा एक हेक्टर, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. १० गुंठ्यांच्या वाडीला ५ हजार. एवढ्यात पडलेली झाडं तोडून बाहेर काढण्याची मजुरी तरी सुटेल का?

बागायतदारांनी मागणी लावून धरली, की क्षेत्र नको, झाडं मोजा. शेवटी सरकारने नारळाच्या झाडाला २५० आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये ठरवले. समजा, त्याच वाडीत २० नारळ आणि १०० सुपाऱ्या पडल्या, तर १० हजार होतात. झाडाच्या किमतीपुढे तेही थोडंच, पण दुप्पट. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आलं आणि कोकणाला पुन्हा पंचनाम्याला उभं राहावं लागलं.

आता आपलं बघू. आपल्या बांधावर चिंच, आंबा, लिंब असतात, दारात शेळ्या-कोंबड्या असतात. किती आहेत हे आपल्याला तोंडपाठ असतं, पण कागदावर कुठेच नसतं. पंचनामा मात्र कागदावर चालतो.

दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. भरपाई ज्याचं नाव, त्याच्या खात्यात जाते. राबणारीचं नाव उताऱ्यावर नसेल, तर पैसे येऊनही तिच्या हाती लागत नाहीत. लक्ष्मीमुक्ती योजनेत पतीने अर्ज केला, तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. शासनाचं हे परिपत्रक १९९२ सालचं आहे. तरी आपल्या गटांत किती जणींचं नाव लागलंय, हे प्रत्येकीने स्वतःला विचारावं.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत आणखी एक पान आणा. त्यावर झाडं, जनावरं आणि घराचे पत्रे मोजून लिहा, तारीख टाका. मोबाईलवर फोटोही काढून ठेवा. सातबाऱ्याचा उताराही सोबत असू द्या. आपण सगळ्या मिळून बघू.