ऊन अंगावर पडलं, पण ‘व्हिटॅमिन डी’ कामाला कधी लागतं?

पारशिवनीत उन्हाला तोटा नाही. पण नुसत्या उन्हानं काम भागत नाही. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे त्वचेत ‘डी३’ तयार होतं. लिव्हर त्याचं कॅल्सिडिऑल करतं आणि किडनी त्यापासून कॅल्सिट्रिऑल बनवते. हेच व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात घ्यायला ते मदत करतं.

म्हणूनच किडनीच्या जुनाट आजारात हाडंही कमकुवत होतात.

तपासणीत मात्र सहसा कॅल्सिडिऑल मोजतात. कारण शरीरातला साठा कमी असतानाही कॅल्सिट्रिऑल नॉर्मल दिसू शकतं.

आणि हो, ६०,००० युनिटची गोळी मनानं घेत राहू नका. अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीलाच इजा होऊ शकते. आधी डॉक्टरांना विचारा.